घाण्याचा बैल सुयांवर

विणकामाच्या सुया आणि लोकरीचा गुंडा यांचा नुसता उल्लेख झाला, तरी आपल्या समाजातील वडीलधाऱ्या भगिनींच्या डोळ्यांपुढे बाळाचे टोपडे, पायमोजे आणि पुढे गुंड्या लावलेला चिमुकला स्वेटर उभा राहतो. मुंबईच्या दमट हवेत स्वेटरची गरज ती किती! तरीही घरात बाळ येणार अशी वार्ता कळताच सुया हाती घेण्याचा प्रघात घराघरांतून होता, आणि दीमोना, लोद, अश्दोद, बेर शेवा येथे येऊन नवे संसार थाटल्यावरही तो बरीच वर्षे टिकला. आता तयार कपडे हवे तितके मिळतात, स्वस्तही पडतात, आणि वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या नातसुनेला लोकरीच्या टोपड्याचे अप्रूप वाटत नाही. सुया कपाटाच्या तळच्या खणात जाऊन पडल्या आहेत. हात मात्र अजून चालतात. या हातांना साजेसे एक काम आम्ही येथे सुचवीत आहोत: लहान खेळणी विणणे, आणि तीही स्वतः आखून विणणे.

‘स्वतः आखून’ या शब्दांवर आमचा भर आहे. छापील नमुना पुढे ठेवून ओळीमागून ओळ विणत गेल्यास खेळणे तयार होते, आणि प्रारंभी तसे करण्यास काहीच हरकत नाही. परंतु छापील नमुन्यांत अस्वल, ससा, मांजर आणि पुन्हा अस्वल हीच मंडळी भेटतात. आपल्या नातवंडांच्या खोलीत अशी अस्वले आधीच डझनभर असतात. त्यांत आणखी एकाची भर घालण्यासाठी आजीने डोळे शिणवावेत, हे आम्हांस पटत नाही.

त्या अस्वलाचीही कथा मात्र ऐकण्याजोगी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीस गेले असता झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला. त्या प्रसंगावर क्लिफर्ड बेरीमन यांनी काढलेले व्यंगचित्र ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रुकलिनमध्ये मॉरिस व रोझ मिचटम हे रशियातून आलेले ज्यू दांपत्य एक छोटे दुकान चालवीत असे. वर्तमानपत्रातील त्या चित्रावरून त्यांनी कापडाचे अस्वल बेतले, शिवले, आणि दुकानाच्या काचेमागे मांडले. पुढे त्यातून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट निराळी. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, परक्या देशात आलेल्या त्या दोघांपाशी तयार नमुना नव्हता. एक चित्र होते, सुई होती, आणि कोणती गोष्ट लोकांच्या मनात घर करून आहे याची जाण होती.

आपल्या मनात घर करून असलेली अशी कोणती गोष्ट आहे, की जी कोणत्याही दुकानात मिळणार नाही? आमचे उत्तर तयार आहे. घाण्याचा बैल! कोकणात आपले पूर्वज तेल गाळीत, शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, आणि म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आपण सर्वजण जाणतो. मात्र आज आजी म्हणवणाऱ्या बहुतेक भगिनींचे बालपण मुंबईच्या चाळींत गेले. घाणा त्यांनी ऐकला, पाहिला नाही. त्यांच्या नातवंडांनी तर ऐकलाही नाही. हे सारे पुस्तकातून सांगू गेल्यास पाच वर्षांचे मूल दोन मिनिटांत उठून जाते. तोच बैल त्याच्या मांडीवर दिला, तर ‘याचे डोळे का बांधले?’ असा प्रश्न ते आपणहून विचारते.

आता बैल आखायचा कसा, ते पाहू. प्रथम कागदावर बैलाची बाजूने दिसणारी बाह्यरेषा काढावी. चित्रकला येत नसली तरी चालते. त्या रेषेकडे पाहून स्वतःला विचारावे की, कोणत्या दोन खुणांवरून हा प्राणी चटकन ओळखू येतो? विणलेल्या खेळण्यात बारकावे मावत नाहीत. दोन खुणा नेमक्या साधल्या की पुरे. आपल्या बैलाच्या बाबतीत पहिली खूण वशिंड. वशिंडावाचून विणलेला बैल हा किबुत्झच्या गोठ्यातील दुभत्या गाईसारखा दिसतो, मग त्याला शिंगे कितीही डौलदार लावा. दुसरी खूण डोळ्यांवरील झापड. मानेखाली लोंबणारी कातडी हवी असल्यास तीन-चार टाक्यांची पट्टी विणून जोडता येते, पण तिच्यावाचून अडत नाही.

यानंतर त्या आकृतीचे साधे तुकडे पाडावेत. धड म्हणजे आडवे अंडे, डोके म्हणजे लहान अंडे, पाय म्हणजे चार नळ्या, वशिंड म्हणजे वाटी. बाळाचा पायमोजा ज्यांनी विणला आहे, त्यांनी नळीही विणली आहे आणि वाटीही. नवे शिकण्याजोगे यात फारसे काही नाही.

मापासाठी मात्र थोडा हिशेब करावा लागतो, आणि त्याचा कंटाळा करू नये. लोकरीच्या वेष्टनावर जी सुई सांगितलेली असते तिच्याहून बारीक सुई घ्यावी, म्हणजे वीण घट्ट बसते आणि आतला कापूस टाक्यांमधून डोकावत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईत आपण ज्या नंबरांच्या सुया वापरीत होतो, त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होत असे. येथे सुई मिलीमीटरवर मोजतात. आकडा वाढला की सुई जाड. तिकडची ८ नंबरची म्हणजे इकडची ४ मिलीमीटरची, आणि तिकडची १० नंबरची म्हणजे सव्वातीन मिलीमीटरची. ४ ची सुई सांगितली असेल तेथे खेळण्यासाठी सव्वातीनची घ्यावी.

त्या सुईवर आधी एक चौकोनी तुकडा विणून १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. समजा, २४ बसले. धडाचा घेर २५ सेंटीमीटर हवा असेल तर ६० टाके लागतील. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका जादा धरावा. पुढील आकड्यांत तो धरलेला नाही. शेपटीच्या बाजूने १० टाक्यांनी आरंभ करावा. पुढच्या सुलट ओळीत प्रत्येक टाक्यात दोन विणून २० करावेत, त्यानंतरच्या सुलट ओळीत त्याच रीतीने ४०, आणि तिसऱ्या वेळी एक टाका सोडून पुढच्यात दोन विणीत ६०. मधल्या ओळी उलट विणाव्यात. मग सुमारे ९ सेंटीमीटर सरळ विणून, ज्या क्रमाने वाढवले त्याच क्रमाने टाके कमी करीत ४०, २०, १० पर्यंत यावे आणि उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळावा. शिवण पोटाखाली घ्यावी. डोक्यासाठी हेच गणित ८, १६, ३२ असे चालते, आणि पायाच्या नळीस १६ टाके पुरतात. रंग शुभ्र घेऊ नये, असे आमचे मत. आठवड्याभरात तो मळतो. राखी रंग बैलाला शोभतो आणि मळ झाकतो.

भरण्याच्या कामात घाई झाली की चांगली वीणही वाया जाते. कोकणात उशा-गाद्यांत सावरीचा कापूस भरीत. तो मऊ खरा, पण खेळणे धुवावे लागते, आणि कापूस भिजला की त्याचे गोळे होतात व तो लवकर वाळत नाही. म्हणून येथे उशांत भरतात तो कृत्रिम तंतू घ्यावा. तो बोटांनी पिंजून, चिमूट चिमूट करून, पेन्सिलीच्या बोथट टोकाने भरावा. पायांत घट्ट, पोटात बेताने, आणि मानेत सर्वांत घट्ट. नाहीतर आठ दिवसांत बैल मान टाकतो. चारही पाय आधी टाचण्यांनी टोचून, बैल टेबलावर उभा करून पाहावा आणि मगच शिवावे. टाचण्या मोजून घ्याव्यात व मोजून परत ठेवाव्यात.

डोळ्यांसंबंधी आम्ही आग्रहाने सांगतो. तीन वर्षांखालील बालकाच्या खेळण्यास मणी, गुंडी वा प्लास्टिकचा तयार डोळा मुळीच लावू नये, मग तो कितीही पक्का शिवलेला असो. खेळण्यांच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे जी नळी वापरतात तिचा व्यास सुमारे ३२ मिलीमीटर असतो. तीत जो सुटा भाग पूर्ण बसतो, तो बालकाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. शेकेलचे लहान नाणे या मापात सहज बसते, यावरून कल्पना यावी. डोळे काळ्या धाग्याने भरतकामाने काढावेत. शेपटी करंगळीएवढी आखूड ठेवावी आणि तार कोठेही घालू नये.

आता झापड. सहा टाक्यांची एक पट्टी सर्व ओळी सुलट घेऊन विणावी आणि डोक्याभोवती बसेल अशी तिची कडी करावी. तान्ह्यासाठी ती शिवून टाकावी. मोठ्या मुलासाठी सुटी ठेवावी. फिरताना बैलाला भोवळ येऊ नये म्हणून झापड बांधीत. आमच्या माहितीतील एका घरी शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथच्या दिव्यांपूर्वी, नातू ही झापड काढून ठेवतो, कारण उद्या घाणा बंद. हे त्याला कोणी शिकवले नाही. बैल कोणाचा होता एवढेच सांगितले होते.

ज्या नातींना सुया चालवता येत नाहीत, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आपल्या मुलींपैकी पुष्कळजणी भावासाठी अथवा होणाऱ्या नवऱ्यासाठी क्रोशाची किप्पा विणतात. किप्पा मध्यापासून सुरू होते आणि प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवीत पसरते. जपानमधून आलेली ‘आमिगुरुमी’ नावाची क्रोशाची खेळणी आज तरुण मुलींत फार लोकप्रिय आहेत. त्यांचा आरंभ हुबेहूब तसाच: पहिल्या फेरीत ६ टाके, मग १२, १८, २४. वाढवणे थांबवून तसेच विणत गेले की चपट्या चकतीची वाटी होते, आणि वाढवले तितकेच कमी केले की चेंडू. किप्पा म्हणजे अर्ध्यावर थांबलेले बैलाचे डोकेच, असे आम्ही एका मुलीस सांगितले तेव्हा तिला हसू आवरेना. पण वशिंड तिने एका बैठकीत विणून दिले.

बैल साधला की या देशातील प्राणीही आखून पाहावेत. मित्स्पे रामोनच्या रस्त्यांवर बिनदिक्कत हिंडणारा डोंगरी बोकड, ज्याला येथे ‘याएल’ म्हणतात, तो तर जणू विणण्यासाठीच जन्मला आहे. त्याची ओळख पटते ती मागे वळलेल्या लांब शिंगांवरून, आणि त्या शिंगांवर आडवे उंचवटे असतात. सर्व ओळी सुलट विणल्यास नेमके तसेच उंचवटे आपोआप उठतात. शिंगाची नळी भरून झाल्यावर तिच्या आतल्या कडेने एक धागा ओवून हलकेच ओढला की बाक येतो.

राहता राहिले नमुना लिहून ठेवण्याचे काम. आपल्या आया-आज्यांनी नमुने कधी लिहिले नाहीत. ते त्यांच्या बोटांत होते आणि त्यांच्याबरोबर गेले. म्हणून पहिला बैल विणतानाच शेजारी वही ठेवावी आणि प्रत्येक ओळ मराठीत लिहावी. नातीला मराठी वाचता येत नसेल तर समोरच्या पानावर तिच्याकडूनच हिब्रूत लिहून घ्यावे. या कामी एक गंमत आढळते. आपण टाका सुलट किंवा उलट म्हणतो, तर हिब्रूत तोच ‘यामिन’ आणि ‘स्मोल’, म्हणजे उजवा आणि डावा. आणि ज्याला आपण टाका म्हणतो, त्याला त्या भाषेत ‘आयिन’ म्हणतात, म्हणजे डोळा. तेव्हा आजीच्या पानावर ‘बैल, धड, शेपटीकडून, १० टाके, पुढे प्रत्येकात दोन’ असे लिहिलेले असेल, आणि समोरच्या पानावर त्याच बैलासाठी दहा डोळे.