वापरलेलं एअर पिस्तूल: आधी सिलिंडर बघा

जुनं एअर पिस्तूल विकत घ्यायला गेलेला माणूस आधी मूठ हातात धरून बघतो, मग नळीत डोकावतो, चाप दाबून पाहतो. सिलिंडरकडे त्याचं लक्ष गेलंच तर सगळ्यात शेवटी जातं. हा क्रम उलटा हवा. दहा मीटर स्पर्धेच्या पिस्तुलातून ४.५ मिलिमीटरचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगानं सुटतो. आत दारू जळत नाही, आणि शिसं पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतं. म्हणून बरी निगा राखलेली नळी वर्षानुवर्षं वापरूनही झिजत नाही. जुनी होतात ती रबराची वायसरं आणि दाब पोटात घेऊन बसलेला सिलिंडर.

धामणगाव रेल्वेसारख्या गावात सुरुवात करणाऱ्यासाठी वापरलेलं पिस्तूल हाच बहुतेक वेळा खरा मार्ग असतो. स्पर्धेची पिस्तुलं जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटलीतून येतात. फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, स्टायर, मोरिनी, पार्दिनी ही त्यातली नेहमीची नावं. नव्याची किंमत लाखाच्या पुढे जाते. नागपूर, पुणे, मुंबईचे जुने खेळाडू नवं मॉडेल घेतात तेव्हा आधीचं विकायला निघतं, आणि ते दहा-पंधरा वर्षांचं असलं तरी नवशिक्याच्या हातापेक्षा अचूक असतं. फक्त त्यात कोणता वायू भरतात हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यायचं.

गॅसवर चालणारी पिस्तुलं दोन जातींची. जुन्या पिढीतल्या पुष्कळ पिस्तुलांना कार्बन डायऑक्साइड लागतो. खेळाडू त्याला नुसतं ‘सीओटू’ म्हणतात. नव्या पिढीत दाबलेली साधी हवा असते. दिसायला दोन्ही सारखी: नळीच्या खाली नळीसारखाच बारीक सिलिंडर. पण आतला कारभार पूर्ण वेगळा आहे, आणि वऱ्हाडात राहणाऱ्यानं तो समजून घेतल्याशिवाय पैसे काढू नयेत.

सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. वर थोडा वायू, खाली द्रव. एक गोळी मारली की थोडा वायू जातो आणि तेवढाच द्रव उकळून त्याची जागा घेतो. त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत दाब टिकून राहतो. हा दाब किती, हे तापमान ठरवतं. १० अंशांना सुमारे ४५ बार, २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी नीट बसवलेला नेम फेब्रुवारीच्या दुपारी वर सरकतो. भराभर गोळ्या मारल्या तर द्रव उकळताना सिलिंडर गार पडतो, दाब उतरतो आणि छर्रे खाली लागू लागतात. नवशिक्याला वाटतं हात चुकतोय.

खरी अडचण ३१ अंशांच्या पुढे आहे. त्या तापमानाच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही. मग दाब सिलिंडर किती भरला आहे यावर अवलंबून राहतो आणि झपाट्यानं चढतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत त्याहून वर. गच्च भरलेल्या सिलिंडरमध्ये अशा वेळी दाब शंभर बारच्या पार जातो. पिस्तुलाचा आतला हातोडा इतक्या दाबाविरुद्ध झडप नीट उघडू शकत नाही, म्हणून छर्रा उलट मंद सुटतो. सिलिंडरला तर धोका आहेच. सीओटू म्हणूनच वजनावर भरतात: रिकामा सिलिंडर काट्यावर ठेवायचा, त्यावर कोरलेल्या मर्यादेइतकंच वजन वाढू द्यायचं, जास्त झालं तर सोडून द्यायचं. माझं मत स्पष्ट आहे. धामणगाव, चांदूर, बडनेरा, अकोला या पट्ट्यात सीओटूचं पिस्तूल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. पंख्याखालच्या खोलीत वर्षातले चार महिने तरी ते विश्वासानं चालणार नाही.

आणि एक चूक जिवावर बेतू शकते. सीओटूच्या पिस्तुलाला हवेचा सिलिंडर लावू नका, आटे बसत असले तरी नाही. सीओटूची झडप साठ-सत्तर बारच्या हिशेबानं घडवलेली असते आणि हवेचा सिलिंडर २०० बारचा असतो. काही कंपन्यांनी जुन्या पिस्तुलांना हवेवर आणण्याचे सुटे भाग काढले होते. तसं रूपांतर झालेलं असेल तर ते कोणी केलं याचा कागद मागा. गावातल्या लेथवर केलेला जुगाड इथे चालत नाही.

हवेच्या पिस्तुलात सिलिंडरमधून निघालेली हवा आधी रेग्युलेटरमध्ये येते. सिलिंडरमध्ये २०० बार असो की १००, रेग्युलेटर पुढच्या छोट्या कप्प्यात ठरावीक दाबच पोचू देतो. छर्रा भरायची कळ उघडली की हातोडा ताणला जातो आणि छर्रा ठेवायची जागा मोकळी होते. छर्रा सपाट तोंड पुढे, घेर मागे असा ठेवून कळ बंद करायची. चाप सुटला की हातोडा झडपेवर आदळतो, मोजलेली हवा छर्‍यामागे जाते आणि छर्रा नळीतल्या पिळावर फिरत बाहेर पडतो. खोलीचं तापमान वाढलं म्हणून नेमात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. एका भरण्यात साधारण दीडशे गोळ्या होतात. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाजवळ आला की मात्र छर्रे खाली पडू लागतात, म्हणून गेज शंभराच्या खाली उतरलं की भरून घ्यावं.

आता सिलिंडर हातात घ्या. त्यावर तयार झाल्याची तारीख, भरायचा दाब आणि चाचणीचा दाब कोरलेला असतो. बहुतेक कंपन्या पिस्तुलाच्या सिलिंडरला दहा वर्षांचं आयुष्य देतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतही सिलिंडर मुदतीत आहे की नाही याची जबाबदारी खेळाडूवरच टाकली आहे. मोटारसायकलच्या चाकात दोन बारच्या आसपास हवा असते. इथे मुठीत मावणाऱ्या नळकांड्यात २०० बार आहेत, आणि ते चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आहे. मुदत संपलेला, पोचा पडलेला, आटे खाल्लेला किंवा वरून रंगवून तारीख झाकलेला सिलिंडर असेल तर नव्या सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करा आणि जुना बाद करा. देशातल्या दाबाच्या सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हवा भरून देणारा ज्या मोठ्या सिलिंडरातून भरतो, त्याच्या चाचणीची तारीख विचारायलाही लाजू नका.

गळती तपासायची तर सिलिंडर भरून रात्रभर ठेवा. संध्याकाळचा आकडा लिहा, सकाळचा बघा. थंडीनं दाब थोडा उतरतोच; ठळक उतरला तर गळती आहे. सुटा सिलिंडर पाण्याच्या बादलीत बुडवला तर बुडबुडे जागा दाखवतात. पिस्तूल पाण्यात घालायचं नाही. त्याच्या जोडावर साबणाचा फेस लावून बघायचं. कळ बंद करून, छर्रा घालून, नळीच्या मागच्या जोडावर कागदाची पातळ पट्टी धरा आणि सुरक्षित दिशेला गोळी मारा. पट्टी फडफडली तर तिथलं वायसर गेलं आहे. ही दुरुस्ती स्वस्त आहे, पण वायसर त्याच मॉडेलचं हवं. त्याला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात पुरतो. शिलाई मशीनचं किंवा इंजिनाचं तेल दाबाच्या भागाजवळ नेऊ नका. आणि दवाखान्यातल्या किंवा वेल्डिंगच्या ऑक्सिजनवरून सिलिंडर कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा थेंब एकत्र आले की स्फोट होतो.

घरी भरायचं तर हातपंप येतो. तो दमवतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पावसाळ्यात हवेतलं पाणी आत ढकलतो. पंपाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. थोड्या थोड्या वेळानं थांबून तो उघडा, पंप गार होऊ द्या. भरताना सिलिंडर गरम होतो आणि गार झाल्यावर आकडा उतरतो, ही गळती नव्हे. २०० बारच्या वर जायचं नाही.

चापासाठी एक वजन लागतं. दहा मीटरच्या स्पर्धेत चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. नळी सरळ वर धरून चापाला अर्धा किलो वजन लटकवायचं. ते उचलताना चाप सुटला तर तो हलका आहे. पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. चापाचे स्क्रू लगेच फिरवत बसू नका, आधीचा मालक बहुतेक वेळा जाणता असतो. मुठीचं तसं नाही. ती त्याच्या पंजाप्रमाणे कानसलेली, कुठे लुकण भरलेली असते. डाव्या-उजव्याचाही फरक असतो. तळहात घट्ट बसत नसेल तर त्या मॉडेलची मूठ वेगळी मिळते का हे व्यवहाराआधी पाहा.

यंत्र शेवटी यंत्रच असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये जुलै २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच मनूनं २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये दहा मीटर एअर पिस्तूलचं ब्राँझ जिंकलं. घरच्या सरावात जुन्या पिस्तुलाच्या लहानसहान दुखण्यांकडे लक्ष देण्याची सवय लागली तर ती पुढे कामाला येते.

कागदांचं सांगतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलच्या आतल्या आणि ४.५ मिलिमीटर नळीच्या एअर हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद सहा ज्यूलच्या आसपास असते. तरीही मूळ बिल, पिस्तुलावरचा क्रमांक, विकणाऱ्याच्या आणि तुमच्या ओळखपत्राच्या प्रती आणि सहीचं विक्रीपत्र एकत्र ठेवा, आणि पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या. लांबून ते खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं, म्हणून बाहेर नेताना कायम बंद पेटीत. प्रवासाला निघताना सिलिंडर रिकामा करून सुटा ठेवा. पाखरं, माकडं, कुत्री यांच्यावर ते उगारू नका. पक्षी मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे.

जागा दहा मीटर लांब लागते. घराची लांब पडवी, रिकामं गोडाऊन, जिनिंगच्या बंद हंगामातली एखादी शेड. टार्गेटमागे भक्कम भिंत, आणि मधे किंवा बाजूला दार नको, कारण दार उघडून मूल आत येतं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. छर्रे झेलायला खाली झुकलेल्या जाड लोखंडी पत्र्याची पेटी करून घ्या. सरळ उभ्या पत्र्यावरून शिसं उसळून परत येतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. छर्रे हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणानं धुवा आणि साठलेलं शिसं मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोळी मारायची नसेल तेव्हा नळीतून रंगीत दोरी आरपार घातलेली असावी. पिस्तूल रिकामं आहे हे त्यानं दुसऱ्यालाही दिसतं. आणि पिस्तूल रिकामं असो वा भरलेलं, नळीचं तोंड टार्गेटकडेच.

आता नेम. टार्गेटचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं, त्यातला दहाचा ठिपका ११.५ मिलिमीटरचा. एक-एक गुण आठ मिलिमीटरच्या अंतरावर. पिस्तूल एका हातात धरायचं, दुसरा हात खिशात. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांत ३२ सेंटिमीटर अंतर धरा. खाचेत माशी अर्धा मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा पंधरा मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ दोन गुण जातात. पण माशी खाचेत बरोबर मध्ये असून अख्खा हातच अर्धा सेंटिमीटर हलला, तर छर्राही फक्त अर्धा सेंटिमीटर हलतो. म्हणून नजर माशीवर ठेवायची आणि टार्गेट धूसर दिसू द्यायचं. माशी काळ्या वर्तुळाच्या खाली, मधे थोडा पांढरा पट्टा सोडून धरायची. हात डुलणारच. तो थांबेपर्यंत वाट बघत बसलात तर दम संपतो आणि चापाला हिसका बसतो. डुलत्या हातानं चाप सरळ मागे, सावकाश दाबत जायचा. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली.

पहिले काही आठवडे टार्गेटच लावू नका. कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारा, फक्त माशी बघा. छर्रे कुठे पडले यापेक्षा किती जवळजवळ पडले ते महत्त्वाचं. ते एका जागी जमू लागले की मगच खाचेचे स्क्रू फिरवा.

पुढे स्पर्धा आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये नेमबाजी आहे; चौकशी अमरावतीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात होते. राष्ट्रीय पातळीवर नवोदितांची परीक्षा ज्या स्पर्धेत होते, तिला गणेश वासुदेव मावळणकर यांचं नाव आहे. लोकसभेचे पहिले सभापती असलेले मावळणकर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात, आणि पुरुष-महिला दोघांनाही त्या सारख्याच.

पिस्तूल बघायला जाताना अर्ध्या किलोचं वजन, कागदाची पट्टी आणि एखादा जाणता खेळाडू सोबत न्या. सिलिंडरवरची तारीख वाचता येत नसेल तर तो सिलिंडर कोणालाही भरू देऊ नका.