टेपच्या दोन बाजू

शिवणाची टेप मुलासमोर जमिनीवर पसरा. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. कोष्टक पाठ करून घेण्याची घाई नको. आधी एकच वस्तू दोन्हींनी मोजू द्या. वही सात इंच रुंद भरली, तर तीच सेंटिमीटरने जवळजवळ १८ भरते. वही वाढली का? मूल इथे थबकतं, आणि ते थबकणं मोलाचं आहे. उत्तर सांगू नका. एकच डबा तांदळाने आधी वाटीने, मग चमच्याने भरायला लावा. माप लहान, तर खेपा जास्त. हे उमगलं की एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर, हा आकडा मुलाला परका वाटत नाही.

माझ्या मते खरी अडचण लांबीची नाही, तुकडे पाडण्याची आहे. सेंटिमीटरचे दहा मिलिमीटर होतात, म्हणून तिथे दशांश चिन्ह सहज बसतं. इंच मात्र निम्म्यानिम्म्याने तुटतो: अर्धा, पाव, मग सूत. सुताराच्या आठ सुतांचा एक इंच; पाव इंच म्हणजे दोन सूत. पाऊण, सव्वा, अडीच हे आपले शब्द इथे अगदी चपखल बसतात. ‘पावणेतीन इंचांवर बोट ठेव’ असं सांगून बघा.

फुटात तर बारा इंच. त्यामुळे ५ फूट ६ इंच उंची ५.६ फूट अशी लिहिली जाते; लग्नाच्या बायोडेटातही ही चूक दिसते. मुलाला घड्याळ दाखवा. साडेपाच म्हणजे पाच वाजून पन्नास मिनिटं नव्हेत, तीस. कारण तासाचा निम्मा तीस. तसा फुटाचा निम्मा सहा इंच. म्हणून ५ फूट ६ इंच म्हणजे साडेपाच, ५.५ फूट.

दोन्ही मापं कशाला, असं मूल विचारेलच. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, वाराच्या जागी मीटर आला. दुकानदार कापड मीटरने देतो, शिंपी मात्र छाती-कंबर इंचांतच लिहितो. आणि नऊवारीच्या नावात वार अजून आहेच. वार म्हणजे तीन फूट, ९१.४४ सेंटिमीटर, नऊ वारांचे होतात ८.२३ मीटर, सव्वाआठच्या जरा आत. आजीचं लुगडं घरात असेल तर तिच्या परवानगीने ते पसरून मोजा. आकडा फारच वेगळा आला, तर मोजणी शून्यापासून सुरू केली होती ना आणि टेप ताणली तर गेली नव्हती ना, हे आधी तपासा.