राखीव दर्यावर्दी – ७ : एका जहाजाचे दोन कप्तान

आज ‘टायटॅनिक’वरचा अधिकारी लाइटोलर याची आणि पाणबुडीची गाठ पडायची होती. ती आता पुढच्या आठवड्यात, कारण एका वाचकाने फार नेमकं विचारलंय : लाइटोलरच्या छायाचित्रात बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या नागमोडी का?

कायम नौदलातल्या अधिकाऱ्याची पट्टी सरळ. त्या काळी रॉयल नेव्हल रिझर्व्हच्या अधिकाऱ्याची म्हणजे दोन बारीक फिती, वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या. एरवी व्यापारी जहाजावर नोकरी करणारा आणि युद्ध लागलं की नौदलात हजर होणारा हा माणूस लांबूनच ओळखू यावा, अशी ती खूण. हुद्द्याचं नाव दोघांचं एकच. पण शब्द कुणाचा चालायचा?

याचं उत्तर ‘ओशनिक’वर मिळालं.

व्हाइट स्टार कंपनीचं हे १७ हजार टनांचं जहाज ऑगस्ट १९१४ मध्ये तोफा चढवून नौदलात दाखल झालं. लाइटोलर आधीपासून तिथेच होता, तो गणवेश बदलून तिथेच राहिला. जहाजाचे दिशा-अधिकारी होते डेव्हिड ब्लेअर. होय, तेच! ‘टायटॅनिक’वर ऐनवेळी वरिष्ठ अधिकारी आणल्यामुळे ज्यांना साउदॅम्प्टनला उतरावं लागलं आणि ज्यांची जागा लाइटोलरला मिळाली, ते. आता दोघे पुन्हा एका डेकवर.

कप्तान मात्र दोन होते. हेन्री स्मिथ या राखीव दलातल्या कप्तानाने हे जहाज दोन वर्षं चालवलेलं, त्याची नस न् नस त्याला ठाऊक. अधिकार मात्र सरळ पट्टीवाल्या विल्यम स्लेटरकडे.

८ सप्टेंबरच्या सकाळी जहाज शेटलंडमधल्या फौला बेटाजवळ होतं. ब्लेअरच्या हिशेबाने बेट अजून बरंच लांब होतं. प्रत्यक्षात गणित तेरा-चौदा मैलांनी चुकलेलं. रात्रभर जागलेला स्लेटर बेटाकडे जायचा हुकूम देऊन झोपायला गेला. स्मिथला ते पाणी धोक्याचं वाटलं, म्हणून त्याने जहाज पश्चिमेच्या खुल्या समुद्राकडे वळवायला सांगितलं. वळण जाणवताच स्लेटर वर आला आणि त्याने पुन्हा उलटा हुकूम सोडला. शांत समुद्रात, लाटेचा धक्काही न बसता, सातशे फुटांचं जहाज ‘शाल्ड्स’च्या खडकावर चढलं. चारशेच्या आसपास माणसं होती, सगळी वाचली. युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता.

लष्करी न्यायालयात दोन्ही कप्तान सुटले. ठपका आला ब्लेअरच्या वाट्याला. त्यांचं गणित चुकलं होतं, हे खरंच. पण एका सुकाणूवर दोन हुकूम चालवायची व्यवस्था ब्लेअरनी केली नव्हती. ती ज्यांनी केली, त्यांना या खटल्यात कुणी उभं केलं नाही.

२९ सप्टेंबरला फौलावर वादळ झालं. दुसऱ्या दिवशी बेटावरच्या लोकांनी पाहिलं तर खडकावर जहाज नव्हतंच. लाइटोलरची तोवर पुढची नेमणूक ठरायची होती, आणि ती त्याला समुद्रावरून थेट आकाशात नेणार होती : विमानवाहू ‘कँपेनिया’वर, निरीक्षक म्हणून. म्हणजे पाणबुडीच्या आधी आता विमान आलं!