कुंडीतला वाटाणा आणि बोरीचे पाणी

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत उभ्या राहिलेल्या ह्या वास्तूवरून, पाऊस मनाजोगा झाला म्हणजे, नर आणि मादी नावाचे दोन प्रपात कोसळू लागतात, आणि कॅमेरे घेतलेल्या माणसांची तेथे रीघ लागते. मात्र उरलेले महिने त्या कोरड्या सांडव्याकडे भिंग रोखावे असे कोणालाच वाटत नाही. निसर्गाचे चित्रण म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला ह्या विसंगतीने घातला आणि त्याच्या शोधात मी धुंडिराज गोविंद फाळके यांच्या एका कुंडीपाशी येऊन थांबलो.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रकला शिकले, छायाचित्रकार झाले, पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याची चाकरी करून मुद्रणाच्या धंद्यात पडले. चलच्चित्रांच्या ध्यासापायी अहोरात्र ताण सोसून डोळे जायची पाळी आली, तरी औषधोपचारांनी दृष्टी सावरताच १९१२ साली विमापत्रे गहाण टाकून ते विलायतेस गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरीदून परतले. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करणाऱ्या ह्या पुरुषाने त्याआधी काय टिपले असेल, तर कुंडीत पेरलेला वाटाणा! महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने थोडेथोडे चित्रण करून, बीज फुटून वेल होण्याचा सारा व्यवहार त्यांनी मिनिटभराच्या फितीत आणला. तो पाहूनच भांडवल पुरविणाऱ्याचा विश्वास बसला. ह्या ‘अंकुराची वाढ’ नामक चित्रात नायक नाही, कथानक नाही. आहे ती केवळ प्रतीक्षा, आणि हीच निसर्गपटाची पहिली विद्या होय.

नळदुर्ग ज्या जिल्ह्यात आहे, त्या धाराशिवास ह्या विद्येची विशेष निकड आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील ह्या मुलखात अवर्षण पुरासारखे एका रात्रीत येत नाही. मृग कोरडा जातो, तूर सुकते, काळ्या कातळातल्या विहिरीची एकेक पायरी उघडी पडते, आणि दुष्काळाची दप्तरी नोंद होईतो शिवारातली गुरे बाजाराच्या वाटेला लागलेली असतात. १९८२ साली ह्याच जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या लातुरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आले, तेव्हा ती गाडी साऱ्या देशाने पडद्यावर पाहिली. तत्पूर्वीचे पाण्याचे खाली खाली जाणे मात्र रोज विहिरीवर घागर घेऊन येणाऱ्या बायांखेरीज कोणी पाहिले?

म्हणून वाटते, ह्या जिल्ह्यातल्या एखाद्या विहिरीच्या काठावर, फाळक्यांनी कुंडीसमोर रोखला तसा, एक कॅमेरा वर्षभर रोखावा आणि रोज एकच चित्र टिपावे. मूकपटांच्या काळी रूढ असलेल्या, सेकंदास सोळा चित्रांच्या वेगाने ती ३६५ चित्रे अवघ्या तेवीस सेकंदांत सरतील. पण तेवढ्यात पाणी चढताना आणि उतरताना दिसेल, आणि कोणती पायरी कोणत्या महिन्यात उघडी पडली, ह्याचा पंचनामा त्यात आपोआप झालेला असेल.