नाव गाळलं तरी माणूस सापडतो

सर्वेक्षणाची उत्तरं कागदावर दिली तर सुरक्षित आणि मोबाइलवर दिली तर ती फुटणारच, असा एक समज आहे. २०२७ची जनगणना मोबाइल ॲपच्या आधारे होणार असल्याने तो पुन्हा डोकं वर काढेल. प्रत्यक्षात कागदालाच राखण कमी असते. भरलेला अर्ज प्रगणकाच्या पिशवीपासून कचेरीतल्या गठ्ठ्यापर्यंत कुणाच्याही नजरेस पडू शकतो आणि कोणी वाचला याची नोंद राहत नाही. मोबाइलवर सर्वेक्षण घेणाऱ्या ओडीकेसारख्या प्रणालीत, तशी सोय केली असेल तर, फॉर्म पूर्ण होताच उत्तरं फोनवरच कूटबद्ध होतात. ती उलगडणारी किल्ली सर्व्हरपासून दूर ठेवली, की सर्व्हर फोडणाऱ्याच्या हाती निरर्थक अक्षरं लागतात. चोराला कागदाचा एखादाच गठ्ठा मिळतो, सर्व्हरमधून मात्र लाखोंची माहिती एकदम जाते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचा रोख माहिती आणि किल्ली एकाच जागी ठेवण्यावर हवा. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर विसंबूनही भागत नाही. ते वाटेतल्या सुरक्षिततेपुरतं असतं. पोचलेली माहिती कोण उघडतं, हे त्यावरून कळत नाही.

आणि ती उघडण्याचा हक्क असलेल्यांच्याच हातून होणारी चूक कूटबद्धतेने टळत नाही. नाव गाळलं की माहिती निनावी झाली, ही ती चूक. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. १९९०च्या दशकात अभ्यासक लटान्या स्वीनी यांनी त्या तिथल्याच केंब्रिज शहराच्या मतदारयादीशी ताडल्या आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकनांची ओळख पटू शकते, असा अंदाज त्यांनी पुढे मांडला. २००६ मधल्या फेरहिशेबात तो ६३ टक्क्यांच्या आसपास आला; तरीही निम्म्याहून अधिक लोक उघडे पडतातच.

मग नावाबरोबर असे तपशीलही गाळले तर सर्वेक्षणात उरेल काय, असं कुणी विचारेल. बरंच उरतं. बहुतेक अभ्यासांना जन्मतारखेऐवजी वयोगट आणि गावाऐवजी जिल्हा पुरतो. जनगणनेच्या नोंदींना १९४८च्या कायद्याच्या कलम १५चं गोपनीयतेचं कवच आहे, मग त्या कागदावर असोत की ॲपमध्ये. खासगी सर्वेक्षणाला ते लागू नाही. म्हणून तिथे उत्तर देण्याआधी विचारावं: हा प्रश्न कशासाठी, उत्तरं कोण उघडणार आणि ती कधी नष्ट करणार?