ब्रह्मपुरी येथील पोसायडन मूर्ती
ब्रह्मपुरी येथील पोसायडन मूर्ती ही कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची लहान कांस्यमूर्ती आहे. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. सातवाहन काळातील भूमध्यसागरी व्यापाराचा ती महत्त्वाचा पुरावा मानली जाते. या टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले.

मूर्ती विवस्त्र आहे. त्यावरून प्राचीन ग्रीक पुरुष वस्त्रे वापरत नसत, असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. ग्रीक कलेत देव, वीर व मल्ल नग्न दाखवण्याचा संकेत होता. प्रत्यक्ष व्यवहारात पुरुष खांद्यांवर अडकवलेला 'खिटॉन' व त्यावर 'हिमेशन' नावाचे लांब वस्त्र घेत. हिमेशन आपल्या उपरण्याप्रमाणे न शिवता अंगावर लपेटले जाई. रोमन टोगाही लपेटण्याचाच, परंतु त्याची एक कड गोलाकार असे आणि तो रोमन नागरिकत्वाची खूण होता.

याउलट, कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील मिथुनशिल्पांत पुरुष धोतर व पागोटे ल्यालेले दिसतात.