आभासी वास्तवातील सुखद हालचाल

आभासी वास्तवातील सुखद हालचाल म्हणजे हेडसेट घातलेल्या व्यक्तीला मळमळ, घेरी किंवा डोकेदुखी होऊ नये अशा प्रकारे आभासी जगातील संचार आणि ॲनिमेशन यांची केलेली रचना होय. प्रवासात गाडी किंवा बोट लागते, त्याच्याशी हा त्रास मिळताजुळता आहे. मात्र त्याचे कारण काहीसे उलट असते.

कारणे

अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना डोक्याचे फिरणे जाणवते, तर सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्यांना गुरुत्वाकर्षण व सरळ रेषेतील त्वरण जाणवते. वाहनात बसून वाचणाऱ्याचे शरीर हलते, पण डोळ्यांसमोरचे पान स्थिर असते. आभासी वास्तवात डोळ्यांना गती दिसते, पण शरीर स्थिर असते. शेजारची आगगाडी सुटली की आपलीच गाडी निघाली असे वाटते, तसाच हा भास असतो. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार इंद्रियांच्या संदेशांतील अशा विसंगतीमुळे त्रास उद्भवतो. हे स्पष्टीकरण सर्वाधिक प्रचलित असले, तरी एकमेव नाही; शरीराचा तोल सांभाळण्यातील अस्थिरतेला महत्त्व देणारा सिद्धांतही मांडला गेला आहे.

डोके वळवल्यावर दृश्य बदलण्यास लागणारा विलंब हेही एक कारण आहे. तो साधारणतः २० मिलिसेकंदांपेक्षा कमी असावा, असा संकेत रूढ आहे. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटचे पडदे सेकंदाला ९० वेळा दृश्य बदलत असत.

ॲनिमेशन

चित्रपटात किंवा संगणकाच्या पडद्यावर गती हळूहळू वाढवणे व हळूहळू थांबवणे सुबक मानले जाते. आभासी वास्तवात हाच नियम वापरकर्त्याच्या दृष्टिकोनाला लावल्यास त्रास वाढू शकतो. अंतर्कर्णाला एकसमान वेग जाणवत नाही, केवळ त्वरण जाणवते. त्यामुळे वेगबदल जितका लांबतो, तितका काळ विसंगती टिकते. म्हणून वेगबदल अल्पकाळात संपवून पुढील गती एकसमान ठेवतात. चालताना दृश्य खालीवर हलवणे, क्षितिज कलते करणे आणि वापरकर्त्याच्या इच्छेविना कॅमेरा फिरवणे टाळले जाते. आभासी जगातील इतर वस्तूंच्या हालचालींना मात्र हे निर्बंध तितकेसे लागू होत नाहीत.

संचाराच्या पद्धती

* स्थानांतर: वापरकर्ता हातातील नियंत्रकाने जागा दाखवतो व क्षणार्धात तेथे पोहोचतो. गतीचे दृश्य नसल्याने त्रास कमी होतो. मात्र दिशाभान हरपू शकते.
* टप्प्याटप्प्याने वळणे: दृश्य सलग न फिरवता ठराविक अंशांनी एकदम वळवले जाते.
* दृष्टिक्षेत्र आक्रसणे: गती असताना दृश्याच्या कडा अंधाऱ्या केल्या जातात, कारण गतीचा भास प्रामुख्याने कडेच्या दृष्टीतून होतो. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये या तंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला.
* स्थिर चौकट: विमानाच्या चालककक्षासारखी न हलणारी चौकट डोळ्यांना आधार देते.

मूल्यमापन आणि निवड

त्रास मोजण्यासाठी रॉबर्ट केनेडी व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली आजही वापरली जाते. तीत १६ लक्षणांची नोंद होते. संवेदनशीलता व्यक्तीगणिक भिन्न असल्याने, रचनाकाराला स्वतःला त्रास झाला नाही, हा पुरेसा पुरावा ठरत नाही. सतत सरावाने रचनाकारालाच त्या गतीची सवय झालेली असू शकते. म्हणूनच नवख्या व्यक्तींकडून चाचणी घेणे आणि संचाराचे एकाहून अधिक पर्याय देणे आवश्यक मानले जाते. २०२० मधील ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ या खेळात स्थानांतर व सलग चालणे असे दोन्ही प्रकारचे पर्याय उपलब्ध आहेत.